थायरॉइडची गोळी चालू आहे, तरी टीएसएच वरखाली आणि थकवा तसाच: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की एकाच माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र दिसतात. थायरॉइडची एका डॉक्टरांची, कॅल्शियम हाडाच्या डॉक्टरांनी दिलेलं, रक्तवाढीची गोळी स्त्रीरोगतज्ज्ञांची, पित्ताची गोळी स्वतःच्या मनाने. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. गडबड होते ती सगळ्या गोळ्या सकाळी एकाच घोटात गेल्या की. खालचा क्रम मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून पक्का झालेला आहे. हायपोथायरॉइडचं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करत असल्याचं, निदान झालंय आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजेच थायरॉइडची रोजची गोळी, चालू आहे, अशांसाठीच तो आहे. निदान व्हायचं असेल, तर आधी डॉक्टर.

लक्षणं

गोळी सुरू होऊन तीन महिने उलटले तरी सकाळी उठतानाच अंग जड. कंगव्यात केसांचा पुंजका. बद्धकोष्ठ. जिना चढला की धाप. तळपायाला मुंग्या. पाळीत अंगावरून जास्त जाणं. थंडी इतरांपेक्षा जास्त वाजणं.

आता टीएसएचचा रिपोर्ट बघा, कारण इथे दोन वाटा फुटतात. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक. थायरॉइडचं संप्रेरक अंगात कमी पडलं की टीएसएच वाढतो.

पहिली वाट: टीएसएच स्थिरावतच नाही. एकदा 3, पुढच्या वेळी 9, मग 6. डोस 50 चा 75 होतो, 75 चा 100. अशा वेळी संशय घ्यायचा तो गोळी रक्तापर्यंत पोचतेय की नाही याचा.

दुसरी वाट: टीएसएच दोन-तीन रिपोर्टांत नीट आहे, पण थकवा हलत नाही. मग थायरॉइडला दोष देणं थांबवून लोह, बी12, ड जीवनसत्त्व यांच्याकडे बघायचं.

लोक फसतात ते या दोन्हींच्या मधे. दुसऱ्या वाटेवरचा इलाज, म्हणजे लोह आणि कॅल्शियम, चुकीच्या वेळी घेतला की पहिल्या वाटेची तक्रार सुरू होते. टीएसएच वाढतो, डोस वाढतो, आणि मूळ कारण गोळ्यांच्या डब्यात तसंच पडून राहतं. म्हणून नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी आहे त्याच्या वेळा लावा.

1. गोळी आणि चहा (खर्च शून्य)

सकाळची गोळी अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याशिवाय काही नाही. "अनशेपोटीच घेते हो" असं जवळजवळ सगळेच सांगतात. मग मी विचारते, "चहा किती वाजता?" तर उत्तर येतं, "चहाबरोबरच." आपल्याकडे चहा पोटात जाणारं म्हणून धरतच नाहीत! पण दूध, कॉफी, नाश्ता यांतल्या कशानेही या गोळीचं शोषण कमी होतं. रिकाम्या पोटीसुद्धा ती पूर्ण शोषली जात नाही, साधारण 70 ते 80 टक्के. त्यातलं आणखी कमी झालं की रिपोर्टवर उमटणारच.

नाचणीचं सत्त्व हा आमच्या भागातला खास गुन्हेगार. "थायरॉइडला चांगलं" म्हणून कोणीतरी सांगितलेलं असतं आणि गोळीनंतर दहा मिनिटांत दुधातलं सत्त्व जातं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वर दुधातलं वेगळं. नाचणी उत्तमच आहे, पण तिची वेळ साडेदहा-अकराची. इसबगोलाचंही तसंच. बद्धकोष्ठ आहे म्हणून रात्री घेणार असाल तर ठीक, पण रात्री थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्ही एका वेळी नको.

सकाळ साधतच नसेल, डबे, शाळा, पहाटेची पाळी, तर झोपताना घेता येते, जेवणानंतर किमान तीन तास गेल्यावर. साडेनऊला जेवून साडेदहाला झोपणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि एक दिवस सकाळी, एक दिवस रात्री असं करू नका. कोणतीही एक वेळ धरा.

निर्जळी उपवासाच्या दिवशी गोळी चुकवणारे बरेच आहेत. एखाद्या दिवसाने आभाळ कोसळत नाही, कारण हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. पण हरतालिका, मग नवरात्र, मग दर पंधरवड्याची एकादशी अशी बेरीज झाली की महिन्याचा डोस खरोखर कमी पडतो. उपवास निर्जळी असेल तर आदल्या रात्री किंवा त्या रात्री घेण्याचं डॉक्टरांना विचारून ठेवा.

2. बाटली (खर्च तरीही शून्य)

बाटलीतल्या गोळ्या ताटलीत ओता आणि मोजा. बाटली कधी उघडली ते लेबलवर पेनने लिहायची सवय लावलीत तर हे काम दोन मिनिटांचं आहे. 120 गोळ्यांची बाटली उघडून 60 दिवस झाले असतील आणि 78 उरल्या असतील, तर टीएसएच का वाढला याचं उत्तर ताटलीतच आहे. "कधीतरीच चुकते" असं वाटत असतं. मोजल्यावर कळतं की कधीतरी म्हणजे आठवड्यातून दोनदा.

त्यानंतर आकडा वाचा. ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते: 25, 50, 75, 88, 100, 112, 125. बाटल्या एकसारख्याच दिसतात. डोस बदलल्यावर जुनी बाटली घरात राहते आणि सासू-सून दोघींना थायरॉइड असेल तर बाटल्यांची अदलाबदल होते. सोमवार ते शुक्रवार एक ताकद आणि शनिवार-रविवार दुसरी, असं लिहून दिलेलं असेल तर आठवड्याच्या खणांची डबी आणा. मात्र बाटली रिकामी करून सगळ्या गोळ्या त्यात भरू नका, एका आठवड्यापुरत्याच भरा. ऊन, दमट हवा आणि उजेड यांनी ही गोळी खराब होते. गॅसशेजारची फळी आणि बाथरूममधलं कपाट या दोन्ही जागा बाद. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका.

कंपनी बदलली आहे का तेही बघा. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स यांत औषध एकच असलं तरी एकावरून दुसऱ्यावर गेल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घेणं शहाणपणाचं. दुकानदार "तेच आहे" म्हणून दुसरं देतात. ते खोटं नसतं, पण पुढची तपासणी करायची आठवण कोणी करून देत नाही.

3. बाकीच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

बहुतेकांचं कोडं इथेच सुटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरातली प्रत्येक पट्टी, बाटली, पुडी, पावडर एकत्र मांडा. आयुर्वेदिकही, केसांसाठीचीही, नातवाच्या डब्यातून घेतलेली हेल्थ ड्रिंकची पावडरही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, गरज पडली तर मोबाइलने फोटो काढून मोठी करा. शोधायचं ते हे: कॅल्शियम, फेरस किंवा आयर्न, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, झिंक, सोया. ज्याच्यावर नुसतं "मल्टिव्हिटॅमिन" लिहिलेलं असतं त्यातही बहुधा यातलं काहीतरी असतंच.

कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात. बांधलं गेलेलं औषध रक्तात न जाता बाहेर पडतं. म्हणून या दोन्हींपासून चार तासांचं अंतर लागतं. अर्ध्या तासाने भागत नाही. पित्तासाठीची पांढरी-गुलाबी पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्यांनाही हेच चार तास.

पँटोप्राझोलसारख्या रोजच्या पित्ताच्या गोळीची गोष्ट मात्र निराळी. ती गोळीला बांधत नाही, ती पोटातलं आम्लच कमी करते, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. इथे वेळेचं अंतर ठेवून उपयोग नाही, कारण परिणाम दिवसभर असतो. शिवाय वर्षानुवर्षं घेतल्यास लोह आणि बी12 यांचंही शोषण कमी होतं. पुष्कळांची पित्ताची गोळी कधीकाळी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि ती तशीच चालू राहते. तिची गरज अजून आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका, विशेषतः रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक औषधं चालू असतील तर.

साधारण चालणारी मांडणी अशी:

सकाळी 6: थायरॉइडची गोळी, पाणी.
सकाळी 7: चहा, नाश्ता. बी12 ची नुसती गोळी असेल तर इथे चालते.
दुपारी 1: जेवणानंतर कॅल्शियम. ड जीवनसत्त्वाची पुडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी इथेच, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं मुरतं.
संध्याकाळी 5:30: लोह, लिंबूपाण्याबरोबर. चारच्या चहाला तासाभराहून जास्त झालेलं असावं.
रात्रीच्या जेवणानंतर: कॅल्शियम दोनदा असेल तर दुसरं.

गरोदर बायकांना हा तक्ता सर्वांत जास्त लागतो. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्लाची रोजची लाल गोळी आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळतात. थायरॉइडची गोळी धरून एका दिवसात चार, आणि त्यातल्या तीन एकमेकींच्या वाटेत येणाऱ्या. कॅल्शियम "नाश्त्यानंतर आणि जेवणानंतर" असं सांगितलं गेलं तर नाश्त्यानंतरचं दुपारवर ढकला. आशाताईंना किंवा डॉक्टरांना हा तक्ता दाखवा, त्या नाही म्हणणार नाहीत.

आणि आता या सगळ्या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. वेळा सुधारल्यात की डॉक्टरांना तसं कळवा. तुमचा आत्ताचा डोस हा अर्धवट शोषणाच्या हिशेबाने वाढवत नेलेला असू शकतो. आता गोळी नीट शोषली जाऊ लागली की तोच डोस जास्त होतो: छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन उतरणं. वयस्कर माणसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि हाडं ठिसूळ होण्याची भीती असते. बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी केलेला रिपोर्ट निम्म्या वाटेतला असतो, त्यावरून डोस ठरवायचा नसतो.

4. रिपोर्ट खरा आहे का?

टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारकडे कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी एकला रक्त दिलंत, तर आकडा गोळीमुळे बदलला की घड्याळामुळे हे कळणार नाही. तीच लॅब, तीच वेळ, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. गोळी घेऊन गेलात तर फ्री टी4, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक, काही तास वर दिसतो.

केसांच्या गोळ्या घेताय? त्यात बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, बऱ्याचदा 5 किंवा 10 मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. लॅबमधल्या काही यंत्रांची तपासणीची पद्धतच बायोटिनवर उभी असते. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त दिसतो. कागदावर हायपर (थायरॉइड जास्त), अंगात हायपो (थायरॉइड कमी). अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि रक्त देताना तसं सांगा. गंमत अशी, की केस गळतात ते बहुधा थायरॉइड किंवा लोहामुळे, आणि त्यावर घेतलेली गोळी त्याच थायरॉइडचा रिपोर्ट बिघडवते.

5. आता खर्चाच्या तपासण्या

इथपर्यंत सगळं नीट आहे, टीएसएच स्थिर आहे, तरी थकवा आहे, तर हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी12 आणि ड जीवनसत्त्व. रक्त द्यायच्या आधी "बघू तरी" म्हणून गोळ्या सुरू करू नका. बी12 चं एक इंजेक्शन घेतलं तरी आकडा उडी मारतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

लोहाकडे आधी बघा. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, म्हणजे थायरॉइड असो-नसो, शक्यता मोठीच. शिवाय नातं दुहेरी आहे. थायरॉइड कमी असला की पाळीत रक्त जास्त जातं आणि लोह घटतं. आणि थायरॉइडचं संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं. हिमोग्लोबिन 12 आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. साठा दाखवतो तो फेरिटिन. तो 15 च्या खाली असेल तर कमतरता नक्की. अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटा वर दिसतो, म्हणून ताप असताना ही तपासणी नको. आणि हिमोग्लोबिन भरलं म्हणून लोह लगेच सोडू नका, साठा भरायला पुढे आणखी काही महिने लागतात. खूप दिवस गोळ्या घेऊनही फेरिटिन हलत नसेल, तर तो सातव्या मुद्द्याचा विषय आहे.

बी12 चं वेगळं. शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर सांगितलेली पित्ताची गोळी घेणारे, हे तिघे आधी तपासावेत. मुंग्या, जीभ लालबुंद होणं, विसरभोळेपणा ही लक्षणं थायरॉइडच्या नावावर खपून जातात. 200 पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, 200 ते 300 संशयाची जागा. नुसतं फॉलिक आम्ल घेत राहू नका: त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी12 अभावी नसांचं होणारं नुकसान आतून चालूच राहतं. दही-ताकातून थोडं बी12 मिळतं, पण खरी कमतरता त्याने भरून निघत नाही.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी साधारण आठ आठवडे, आठवड्याला एक, अशी देतात. नंतर थांबवायची किंवा महिन्याला एक करायची असते. ही पुडी वर्षभर दर रविवारी घेणारी माणसं मी बघते, चिठ्ठी कधीच संपलेली असते. ड जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला धोका. जुनी चिठ्ठी दाखवून पुडी मागू नका. मी देत नाही.

6. जे घ्यायचं नाही

आयोडीन. आयोडीनयुक्त मीठ घरात असेल तर मोठ्या माणसाची दिवसाची 150 मायक्रोग्रॅमची गरज भागते. आज शहरांत दिसणारा हायपोथायरॉइड बहुतेक स्वयंप्रतिकाराचा (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते), म्हणजे हाशिमोटोचा असतो. त्यात आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल घेतल्याने ग्रंथी आणखी मंदावू शकते. उलट, आरोग्याच्या नावाखाली फक्त सैंधव वापरणाऱ्या घरात, विशेषतः गरोदर बाई असेल तर, साधं आयोडीनयुक्त मीठ परत आणा.

सेलेनियम. दिवसाची गरज 55 मायक्रोग्रॅमची. 200 च्या गोळ्यांनी थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी काहीशा उतरल्याचं काही अभ्यासांत दिसतं, पण त्याने थकवा जातो किंवा डोस कमी होतो याला भक्कम आधार नाही. दिवसाला 400 च्या वर नियमित गेलं तर केस गळतात आणि नखं तुटतात. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच.

"थायरॉइडला वाईट" म्हणून सोडलेले कोबी, फ्लॉवर मात्र शिजवून खुशाल खा.

7. इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

वजनाच्या मानाने डोस मोठा आहे (पूर्ण डोस साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम असतो), वेळा चोख आहेत, गोळ्या मोजून बरोबर येतात, तरी टीएसएच चढाच, तर कारण आतड्यात किंवा जठरात असू शकतं: सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार), एच. पायलोरी (जठरातल्या जंतूचा संसर्ग), जठराच्या अस्तराचा स्वयंप्रतिकाराचा आजार. हा शेवटचा हाशिमोटोसोबत बऱ्याचदा येतो आणि लोह, बी12, थायरॉइडची गोळी, तिन्हींचं शोषण एकदम बिघडवतो. हे घरी शोधता येत नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे डॉक्टर) किंवा पोटाचे डॉक्टर लागतील.

गर्भ राहिल्याचं कळलं त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. डोस बहुधा चौथ्या हिश्शाने किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो आणि टीएसएच पहिले काही महिने दर चार आठवड्यांनी बघतात. लहान मुलांचा आणि हृदयविकार असलेल्यांचा डोस घरच्या घरी हलवायचाच नाही.

वजन उतरतंय, उभं राहिल्यावर चक्कर, त्वचा काळवंडतेय, खारट खावंसं वाटतंय, असं एकत्र दिसलं तर अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा) प्रश्न असू शकतो. अशात थायरॉइडचा डोस वाढवणं धोक्याचं. मानेत गाठ वाढतेय, आवाज बसलाय, गिळताना अडकतंय, हेही तातडीने दाखवा.

आणि रुग्णालयात, आत्ताच्या आत्ता: छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, किंवा म्हातारं माणूस सुस्त होत जाणं, अंग गार पडणं, बोलण्यात असंबद्धता, चेहऱ्यावर सूज. गोळी बरेच दिवस बंद पडलेल्या माणसात हे जास्त दिसतं, विशेषतः थंडीत किंवा एखाद्या संसर्गानंतर.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या एका पिशवीत भरून न्या, कोणती किती वाजता घेता ते कागदावर लिहा, आणि मागचे तीन टीएसएच रिपोर्ट तारखांसकट. तोवर थायरॉइडची गोळी चालू ठेवा. कॅल्शियम आणि लोह डॉक्टरांनी दिलेलं असेल तर तेही, फक्त दुपारनंतर.